दोन देशांची नदी एक: ‘एकत्र शिकतात’ म्हणजे नेमकं करतात काय?

धुळेकर_सिव्हिल: राम राम मंडळी. शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला सामायिक नद्यांचा विषय घेऊन बसलोय. जिथं तिथं ‘परस्परांकडून शिकणं’ एवढंच लिहिलंय. सर विचारतील, म्हणजे रोज उठून काय करतात रे? कोणी सांगेल का?

गिरणाथडी: युरोपातली ऱ्हाईन नदी घे. 1950 पासून तिच्या काठच्या देशांचा आयोग आहे, बैठका चालूच होत्या. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडात बासेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी नदीत उतरलं, नदी लाल. वाम मासे ढिगानं मेले. मग कुठे 1987 मध्ये सगळ्यांचा मिळून कृती कार्यक्रम आला.

आप्पा_साक्री: बाळा, फराक्का बघ, आपल्या हद्दीतला गंगेवरचा बंधारा. 1996 चा भारत-बांगलादेश गंगा करार. 1 जानेवारी ते 31 मे, दहा-दहा दिवसांचा हिशोब. 70 हजार क्युसेक किंवा कमी असलं की निम्मं निम्मं. वाटणी सगळेच सांगतात. मला आवडलं ते वेगळंच: फराक्क्याला आणि खाली बांगलादेशात हार्डिंज पुलाशी, दोन्हीकडची माणसं मिळून रोज पाणी मोजतात.

आमचं गाव पांझरेवर, फडाचं. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर भिजणारा शेतांचा एक पट्टा. एका फडात एकच पीक, आणि पाणी शेतकऱ्यानं धरायचं नाही, पाटकऱ्यानं द्यायचं. वडील पाटकरी होते. वरच्या बंधाऱ्याचं गाव म्हणे पाणी सोडलंय, आमच्या पाटात नुसता चिखल. दोन उन्हाळे शिव्या. शेवटी वडील भाकरी बांधून वर गेले, तिथल्या पाटकऱ्याशेजारी बसले. पाणी किती आहे ते कळायला दोघांनी बंधाऱ्याच्या दगडावर छिन्नीनं खाच मारली. मग तो खाली आला, आमच्याकडे दुसरी मारली. पाणी सुटत होतं खरं. मधल्या वाळूत जिरत होतं. दोन्ही गावांनी मिळून वाळूत चर खणला.

भुसावळकर: सिंधू करार 1960 चा, युद्धं झेलली, आणि 2025 च्या एप्रिलात आपण स्थगित ठेवला. काय शिकले?

आप्पा_साक्री: भाऊ, तिथं नद्याच वाटल्या, तीन इकडे, तीन तिकडे. वाटण्या झालेले भाऊ एका बांधावर कितीसे बसणार?

धुळेकर_सिव्हिल: आप्पा, तापीचं टाकू का? मध्य प्रदेश, आपण, गुजरात?

आप्पा_साक्री: ती राज्याराज्यांची, विषय फाटेल. त्यापेक्षा हे टाक, गंगा करार 30 वर्षांचा, मुदत 2026 च्या डिसेंबरात भरते. सर तेच विचारतील. खाच अजून आहे, पाणी उतरलं की फोटो पाठवतो.