अश्दोदला मोरोक्कन कोशर हॉटेलात जेवायला जायचंय, शाकाहारी बायकोला काय मिळेल?

ठाणेकर_फिरस्ता
मंडळी, कामासाठी तीन महिने इस्राएलमधे आलोय, बायको पण बरोबर आहे. टीममधल्या एकाच्या घरचे मूळचे मोरोक्कोतल्या फेस शहरातले, त्याच्या आईने आम्हा दोघांना अश्दोदला त्यांच्या नेहमीच्या मोरोक्कन कोशर (म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या) हॉटेलात जेवायला बोलावलंय. मी चिकन-मटण खातो, गोमांस नाही. बायको शाकाहारी, अंडं पण नाही. तिचं जेवण दह्याशिवाय पुरं होत नाही, तर तिथे दही मिळेल का की डबीत घेऊन जाऊ? आणि शनिवारी दुपारी गेलं तर चालेल ना? काकूंचं मन दुखेल असं काही व्हायला नको.

कुलाब्याची_लेक
दह्याची डबी अजिबात नेऊ नका हो दादा! मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता अश्दोदलाच असते. मांस शिजतं त्या कोशर हॉटेलात दूध, दही, लोणी, तूप काहीच नसतं, भांडी सुद्धा फक्त मांसाचीच, आणि बाहेरचं काही आत आणलं तर मालकाच्या कोशर सर्टिफिकेटवर येतं. चहा पण पुदिन्याचा, बिनदुधाचा. आमच्याकडे मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध घालतात ते यामुळेच, हलवा पण नारळाच्या दुधातला. शनिवार विसरा, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी दुपारी बंद झालेलं हॉटेल शनिवारी अंधार पडल्यावरच उघडलं तर उघडेल. मंगळवार-बुधवार ठरवा.

अजून एक, बेसिनपाशी दोन कानांचा तांब्या असेल, काकू त्याने हात धुतील आणि पावाचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत बोलणार नाहीत. रागावल्यात असं समजू नका, हात धुण्याच्या आणि पावाच्या प्रार्थनेमधे बोलायचं नसतं.

कासाब्लांका_रिटर्न
मी दोन वर्षं कासाब्लांकात होतो, तिथे थोडे ज्यू अजून आहेत, १९४८ च्या सुमारास मोरोक्कोत अडीच लाखांच्या आसपास होते, बरेचसे इस्राएलला आणि फ्रान्सला गेले आणि जाताना स्वयंपाक बरोबर घेऊन गेले. वहिनींची काळजी करू नका, सुरुवातीलाच टेबलभर छोट्या वाट्या येतात, जिरं-लसणीचं गाजर, वांग्याचं झालूक (आपल्या भरताचा भाऊच, फक्त त्यात टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल), मतबुखा म्हणजे टोमॅटो आणि भाजलेल्या मिरच्या तासन्‌तास आटवलेल्या. मिठात मुरवलेलं लिंबू बघून तर घरचं लोणचं आठवेल. यातच पोट भरतं, मी तर दरवेळी इथेच जास्त खाऊन बसायचो. नंतर मासे, मग ताटल्या बदलून मांस, कारण मासे आणि मांस ते एकत्र खात नाहीत. तुम्ही मेंढीच्या मटणाचं सुकवलेल्या आलुबुखारातलं ताजीन (मंद आचेवर शिजवलेलं रश्श्याचं मटण) मागवाच, वर बदाम असतात, गोड-तिखट असं आपल्याकडे मटणात कधी खाल्लेलं नाही मी.

ठाणेकर_फिरस्ता
बरं झालं विचारलं! सात भाज्यांचं कुसकुस (रव्याच्या बारीक दाण्यांचा भातासारखा पदार्थ) असतं म्हणे, ते तर शाकाहारी असेल ना?

कुलाब्याची_लेक
नाही ना, तिथेच गफलत होते! भाज्या बहुतेक वेळा मांसाच्याच रश्श्यात शिजतात आणि कुसकुसवर तोच रस्सा ओततात. नुसत्या भाज्यांचं वेगळं केलंय का हे आधी फोन करून विचारा, हिब्रूत 'त्सिमखोनी' म्हणजे शाकाहारी, पण अंडं त्यात चालतं म्हणून अंडं नको हे वेगळं सांगा. पावात पण अंडं असू शकतं, त्यांचा फ्रेना नावाचा पाव शक्यतो बिनअंड्याचा असतो, तरी विचारून घ्या. तुमच्यासाठी 'बाकार' म्हणजे गोमांस, 'केवेस' म्हणजे मेंढी, 'ओफ' म्हणजे चिकन.

आणि हे सगळं मित्राला आत्ताच सांगा, टेबलावर बसल्यावर नको. पाहुणा खात नाहीये हे तिथे कळलं तर काकूंचा जीव कासावीस होईल, आधी कळलं तर त्या स्वतः हॉटेलवाल्याला फोन करून वहिनींसाठी वेगळं पातेलं चढवायला लावतील, माझ्या शेजारच्या मोरोक्कन बाई माझ्या आईसाठी हेच करतात.

ठाणेकर_फिरस्ता
ताई, खूप आभार. मित्राला आत्ताच मेसेज टाकला, बुधवार ठरवतोय. बायको म्हणतेय त्या लिंबाची कृती काकूंकडून लिहून आणणार.