'मानवी तस्करी' की 'मानवी अपव्यापार'?

बातम्यांत 'मानवी तस्करी' लिहितात, कायद्याच्या कागदांत 'अपव्यापार'. अर्थ एकच का? आणि 'आधुनिक गुलामगिरी' कुठे बसवायची?

— एकच नाही. तस्करी म्हटलं की चोरून सीमा ओलांडणं आलं. अपव्यापाराला सीमा लागतच नाही, एकाच शहरात नोकरीचं आमिष दाखवून कोंडून राबवलं तरी तो अपव्यापार. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली दोन वेगळे प्रोटोकॉल केले, ते याच फरकामुळे. पैसे घेऊन लोकांना सीमापार नेणाऱ्यांविरुद्धचा एक, त्याला 'तस्करी' चपखल बसतं. दुसरा अपव्यापाराविरुद्ध. त्यात कृती (भरती, ने-आण, आसरा देणं), मार्ग (बळजबरी, फसवणूक, असहायतेचा गैरफायदा) आणि शोषणाचा हेतू, असं तिन्ही दाखवावं लागतं. 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मार्ग सिद्ध करण्याची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 तर स्पष्टच सांगतं, की पीडिताची संमती होती की नव्हती हे गैरलागू.

— पण 'अप' लावल्यामुळे माणसांचा एखादा रीतसर व्यापारही असतो की काय, असं वाटतं! शब्द कृत्रिम आहे, बोलण्यात रुळणार नाही.

— रुळला नाही तरी कायद्यात तोच हवा. बाकी संविधानाच्या 23व्या अनुच्छेदात अपव्यापाराच्या जोडीला 'बेगार', म्हणजे वेठ, आहे, तोही मूळ इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा. आपण संपामुळे प्रवाशांना 'वेठीस धरलं' म्हणतो तेव्हा त्यातली वेठ पार बोथट झालेली असते. वेठ म्हणजे फुकट काम, हा अर्थही कायद्याला अपुरा पडतो. कर्जापोटी राबवून घेण्याची पद्धत 1976 च्या कायद्याने रद्द झाली. पुढे 1982 मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं हेही सक्तीचं श्रम ठरवलं. म्हणजे पैसे मिळत असले तरी वेठ असू शकते.

— आणि आधुनिक गुलामगिरी?

— तो छत्रीसारखा शब्द, अपव्यापार, वेठ असं सगळं त्याखाली येतं. आंतरराष्ट्रीय करारांत त्याची स्वतंत्र व्याख्या नाही. ब्रिटनने 2015 मध्ये, ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये तो थेट कायद्याच्या नावातच घेतला. ब्रिटनमध्ये 3.6 कोटी पौंड किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी रोखायला काय केलं, याचं निवेदन दरवर्षी काढावं लागतं. काहीच केलं नसेल तर तसं लिहूनही भागतं, ही त्यातली मोठी पळवाट.