अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरने नूतनीकरणाचे 75 तास कुठे खर्च करावेत?

रातपाळी यांचा प्रश्न

नमस्कार. मी महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग केले, काही वर्षे आयसीयूत काम केले आणि पुढे अमेरिकेत प्रौढ व वृद्ध रुग्णांच्या ॲक्यूट केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचे (स्वतः निदान व उपचार करणाऱ्या प्रगत परिचारिकेचे) शिक्षण पूर्ण केले. सध्या मिडवेस्टमधील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी बहुतांशी रातपाळीच करते. रात्री आमच्याकडे इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे अतिदक्षतेचे तज्ज्ञ डॉक्टर, प्रत्यक्ष हजर नसतात, ते टेलि-आयसीयूच्या पडद्यावर असतात. त्यामुळे श्वासनलिकेत ट्यूब टाकणे, मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन घालणे, व्हेंटिलेटरची पहिली सेटिंग आणि पहाटे नातेवाइकांशी करावे लागणारे अवघड बोलणे, हे सारे बहुधा माझ्याकडेच येते.

माझ्या एएनसीसी (परिचारिकांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था) प्रमाणपत्राचे पंचवार्षिक नूतनीकरण जवळ आले आहे. त्यासाठी 75 तासांचे सततशिक्षण लागते आणि त्यातले 25 तास औषधशास्त्राचे असावे लागतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. तास भरणे मुळीच कठीण नाही. घरी बसून ध्वनिचित्रित व्याख्याने लावली, शेवटी दहा प्रश्न सोडवले की प्रमाणपत्र हातात पडते. माझी अडचण निराळी आहे. अशी व्याख्याने ऐकून झाल्यावर रात्री तीन वाजता सेप्टिक शॉकमधल्या (गंभीर जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या) रुग्णाला ट्यूब टाकताना माझ्या वागण्यात काही फरक पडला आहे, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

रुग्णालयाकडून शिक्षणासाठी जी रक्कम आणि रजा मिळते, तिच्यात एकतर सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचे वार्षिक अधिवेशन बसते, नाहीतर अल्ट्रासाउंडची दोन दिवसांची कार्यशाळा आणि एफसीसीएस हा अत्यवस्थ रुग्णांच्या प्राथमिक उपचारांचा अभ्यासक्रम. एक सहकारी तर म्हणते की हे सगळे सोडून एक वर्षाची क्रिटिकल केअर फेलोशिप कर. घर आणि मुलांची शाळा पाहता ते मला जड आहे. आपण माझ्या जागी असता तर काय निवडले असते?

पीए_न्यूजर्सी

ताई, सर्वप्रथम तास भरणे आणि शिकणे या दोन गोष्टींची खाती वेगळी करा. आम्हा फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत निदान व उपचार करणाऱ्या) मंडळींना दर दोन वर्षांनी 100 क्रेडिट नोंदवावे लागतात आणि त्यातले निदान 50 पहिल्या श्रेणीचे, म्हणजे मान्यताप्राप्त कार्यक्रमांचे, असावे लागतात, म्हणजे हा जाच आमच्याकडे तुमच्याहून जास्त वेळा येतो. ते क्रेडिट मी वर्षभर थोडेथोडे, स्वस्तात भरून टाकतो आणि त्यातून फार काही हाती लागेल अशी अपेक्षा ठेवत नाही. रुग्णालयाचा पैसा आणि रजा मात्र मी फक्त अशाच गोष्टीला लावतो, जिथे माझ्या हातात उपकरण असते आणि शेजारी चूक दाखवणारा माणूस उभा असतो.

तुमच्या 25 तासांबद्दल एक व्यवहारातली सूचना. औषधशास्त्राचे तास प्रमाणपत्रावर वेगळे छापलेले आहेत ना, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारून घ्या. सेडेशनवरचे (रुग्णाला गुंगीत ठेवणाऱ्या औषधांवरचे) उत्तम व्याख्यान ऐकले तरी कागदावर तसा उल्लेख नसेल, तर छाननीच्या वेळी विनाकारण पत्रव्यवहार करावा लागतो. विद्यार्थ्यांना तुमच्या हाताखाली घेत असाल तर त्याचीही नोंद ठेवा. एएनसीसीला 75 तासांखेरीज आणखी एका प्रकारातले काम दाखवावे लागते आणि 120 तासांची प्रिसेप्टरशिप, म्हणजे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामात शिकवणे, त्यात धरली जाते.

एफसीसीएसबद्दल माझे मत जरा कडक आहे. आयसीयूत नेहमी काम न करणाऱ्यांनी अत्यवस्थ रुग्णाचे पहिले काही तास कसे सांभाळावेत, यासाठी तो दोन दिवसांचा अभ्यासक्रम बेतलेला आहे. वॉर्डातून नव्याने आलेल्या सहकाऱ्याला जरूर पाठवा. तुम्हाला त्यात नवे फारसे सापडणार नाही. पुढेमागे प्रशिक्षक म्हणून गेलात तर गोष्ट वेगळी, कारण शिकवताना आपले कच्चे दुवे आपल्यालाच दिसतात.

अल्ट्रासाउंडची कार्यशाळा चांगली आहे, पण एका अटीवर. परतल्यावर तुमच्या विभागात रात्री यंत्र मोकळे असले पाहिजे आणि तुम्ही साठवलेल्या प्रतिमा पाहून अभिप्राय देणारे कोणीतरी असले पाहिजे. आपत्कालीन वैद्यकातील तज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या डॉक्टरांसाठी प्रत्येक प्रकारच्या तपासणीमागे 25 ते 50 पडताळलेले स्कॅन हा दंडक घातला आहे. दोन दिवसांत निरोगी मॉडेलच्या छातीवर प्रोब फिरवून त्याच्या आसपासही जाता येत नाही. शॉकमधल्या, व्हेंटिलेटरवर असलेल्या, फुफ्फुसे फुगलेल्या रुग्णाचे हृदय पॅरास्टर्नल खिडकीतून, म्हणजे छातीच्या हाडाशेजारून, बहुधा दिसतच नाही, बरगड्यांखालून पाहावे लागते. हे कार्यशाळेत सांगतात. जमते मात्र स्वतःच्या रुग्णांवर हात बसल्यावरच.

अतिदक्षता_डॉक्टर

मी इंटेन्सिव्हिस्ट आहे आणि आमच्या विभागातील नर्स प्रॅक्टिशनर व पीए यांच्या शिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अभ्यासक्रमांची माहितीपत्रके बाजूला ठेवून ताईंनी आधी आपल्याच मागील काही महिन्यांतील रुग्णांच्या नोंदी काढाव्यात. रात्री कोणत्या रुग्णांना ट्यूब टाकली, त्याआधी ऑक्सिजन कसा दिला, ट्यूबनंतर पहिल्या अर्ध्या तासात रक्तदाब किती खाली गेला आणि व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारी औषधे) कधी सुरू झाले, एवढे लिहून काढले तरी आपल्याला काय शिकायचे आहे ते स्पष्ट होते. 29 देशांतील सुमारे 3,000 अत्यवस्थ रुग्णांचा इंट्यूब अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ट्यूब टाकताना किंवा लगेच नंतर 45 टक्के रुग्णांत निदान एक गंभीर घटना घडल्याचे आढळले, आणि सर्वांत मोठा वाटा रक्ताभिसरण कोसळण्याचा होता. म्हणजे नळी स्वरयंत्रातून आत गेली की काम संपले, ही समजूत आयसीयूत धोक्याची आहे.

याच विषयावर अलीकडे जे हाती आले आहे, ते रात्री एकट्याने काम करणाऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे. 2023 च्या डिव्हाइस चाचणीत व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने (ट्यूब टाकताना स्वरयंत्र पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाने) पहिल्याच प्रयत्नात यश 85 टक्के रुग्णांत मिळाले, साध्या लॅरिंगोस्कोपने सुमारे 71 टक्के रुग्णांत. 2024 च्या प्रीऑक्सी चाचणीत ट्यूबपूर्वी साध्या मास्कऐवजी नॉन-इन्व्हेसिव्ह व्हेंटिलेशनने (घट्ट मास्कमधून यंत्राच्या दाबाने) ऑक्सिजन दिल्यावर ऑक्सिजन धोकादायक पातळीखाली जाण्याचे प्रमाण 18.5 टक्क्यांवरून 9.1 टक्क्यांवर आले. उलट, ट्यूबपूर्वी सरसकट अर्धा लिटर सलाइन देऊन रक्तदाब कोसळणे टळेल, ही आमच्या पिढीची सवय 2022 च्या प्रिपेअर-2 चाचणीत टिकली नाही. या तीन गोष्टी कळायला कोणाचे अधिवेशन लागत नाही. त्यांना अनुसरून आपल्या विभागाची ट्यूबपूर्व यादी बदलून घेणे आणि महिनाभराने ती पाळली गेली का ते पाहणे, याला मात्र मेहनत पडते, आणि मी तरी त्यालाच शिक्षण म्हणतो.

व्हेंटिलेटरचे एक उदाहरण देतो, कारण हे मला आजही सकाळच्या राउंडला दिसते. रुग्ण स्त्री, उंची 152 सेंटिमीटर, वजन 95 किलो, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. रात्री टायडल व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्येक श्वासाला दिली जाणारी हवा, 450 मिलीलिटर लावलेला असतो आणि "वजन पाहता कमीच आहे" असा शेराही असतो. पण फुफ्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, वजनाबरोबर तो वाढत नाही. 152 सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन साधारण 45 किलो निघते. किलोमागे 6 मिलीलिटर धरले तर 270 मिलीलिटर होतात. 450 म्हणजे किलोमागे 10. एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना तीव्र सूज येऊन श्वसन निकामी होण्यात) किलोमागे 12 ऐवजी 6 मिलीलिटर दिल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले, हे सन 2000 मध्येच सिद्ध झालेले आहे. तरीही ही चूक घडते, कारण भरतीच्या गडबडीत कोणी टेप घेऊन उंची मोजत नाही आणि संगणकात अंदाजाने आकडा भरला जातो. असल्या चुकीवर दहा प्रश्नांची चाचणी काही कामाची नाही. प्रत्येक खाटेजवळ टेप ठेवणे आणि रात्रीच्या परिचारिकेला तो वापरायला सांगणे कामाचे आहे.

सल्ला विचारलात म्हणून सांगतो: अल्ट्रासाउंडची कार्यशाळा घ्या आणि निघण्यापूर्वी टेलि-आयसीयूच्या प्रमुखांकडून आठवड्यातून एकदा प्रतिमा पाहण्याचे कबूल करून घ्या. ते रात्रभर पडद्यासमोरच बसलेले असतात. तुमच्या क्लिप पाहायला त्यांना फार तर अर्धा तास लागेल.

दिवसपाळीची_बाजू

डॉक्टरांचे बहुतेक म्हणणे पटते, पण अधिवेशनाला त्यांनी फारच सहज मोडीत काढले, असे मला वाटते. लहान रुग्णालयात एकच पद्धत वर्षानुवर्षे चालते आणि ती मोडणारे कोणी नसते. सेप्सिसमध्ये सुरुवातीला किलोमागे 30 मिलीलिटर द्रव देण्यावरून आमच्या विभागात इतका धार्मिक आग्रह होता की कोणी प्रश्नच विचारत नसे. वास्तविक 2021 च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक तत्त्वांत त्या सूचनेची ताकद "शिफारस" वरून "सुचवणे" अशी खाली आणली गेली आहे. 2023 मध्ये क्लोव्हर्स चाचणीनेही दाखवले, की सुरुवातीच्या द्रवानंतर हात आखडता घेऊन लवकर व्हॅसोप्रेसर सुरू केले काय किंवा द्रव सढळ दिले काय, 90 दिवसांच्या मृत्यूंत फरक पडत नाही. हे निबंधात वाचणे वेगळे आणि अधिवेशनाच्या सभागृहात त्यावर दोन जाणकार तावातावाने भांडताना ऐकणे वेगळे. ते भांडण ऐकल्यावर मला परत येऊन आमच्या वरिष्ठांशी बोलण्याचा धीर आला.

अर्थात, अधिवेशनाला जायचे तर कार्यक्रमपत्रिका आधी वाचून जावे. व्यावसायिक प्रदर्शनात फिरून फुकटची पेने गोळा करण्यातच दोन दिवस घालवणारेही मी पाहिले आहेत.

एनपीसीसी_नागपूर

मी भारतातून लिहितो आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे. त्याच्या प्रवेशासाठीच बी.एस्सी. नर्सिंगनंतर निदान एक वर्षाचा रुग्णसेवेचा, शक्यतो आयसीयूचा, अनुभव लागतो आणि अभ्यासक्रमाचा बहुतांश वेळ रुग्णाजवळच जातो. आमच्याकडेही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांची अट आहे, आणि ते तास भरण्याचा प्रकार ताईंनी वर्णन केला त्याहून वेगळा नाही: सभागृह, चार व्याख्याने, जेवण आणि सायंकाळी प्रमाणपत्र.

आमची खरी अडचण मात्र शिकलेले वापरता येण्याची आहे. अभ्यासक्रमात आम्ही व्हेंटिलेटरचे वेव्हफॉर्म (श्वासाचे आलेख) वाचायला, रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनालिन कमीजास्त करायला शिकतो. नोकरीत पुष्कळ ठिकाणी पद मात्र स्टाफ नर्सचेच असते आणि अधिकारही तेवढेच. विभागात लेखी प्रोटोकॉल असेल आणि वरिष्ठ डॉक्टर विश्वास टाकणारे असतील, तर काम होते. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या स्थानिक शाखांचे कार्यक्रम आम्हाला परवडतात आणि तिथे डॉक्टरांच्या शेजारी बसून तीच चर्चा ऐकता येते, एवढे समाधान आहे.

ताईंना एकच सुचवतो. अल्ट्रासाउंड शिकलात तर आधी फुफ्फुसाचे शिका, हृदयाचे मागाहून. फुफ्फुसाच्या बी-रेषा (फुफ्फुसात पाणी साचल्याची खूण असलेल्या उभ्या रेषा) आणि फुफ्फुसाचे सरकणे ओळखायला तुलनेने लवकर येते, आणि रात्री ट्यूबनंतर ऑक्सिजन अचानक उतरला तर न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाभोवती हवा शिरल्याची) शंका एक्स-रे येण्याआधीच बरीचशी मिटवता येते.

रातपाळी

सर्वांचे आभार. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे मी मागच्या काही महिन्यांतील ट्यूब टाकलेल्या रुग्णांच्या नोंदी काढायला घेतल्या आहेत. ट्यूबपूर्वीच्या ऑक्सिजनची पद्धत निम्म्याहून अधिक ठिकाणी नोंदलेलीच नाही, ही पहिली गोष्ट दिसली. कार्यशाळेचे नक्की केले आहे. टेलि-आयसीयूच्या प्रमुखांशी बोलणे झाले. ते आठवड्याच्या ठराविक रात्री क्लिप पाहायला तयार आहेत, मात्र प्रतिमा रुग्णालयाच्या संगणक प्रणालीत साठवल्या गेल्या पाहिजेत ही त्यांची अट आहे आणि आमच्या जुन्या यंत्रातून ते होते की नाही, ते बायोमेडिकल विभाग पाहतो आहे. अधिवेशनाचा विचार पुढच्या वर्षी करीन, तोपर्यंत सेप्सिसच्या द्रवावरून वाद घालण्याची तयारी निदान वाचनाने तरी करते.

एक शंका राहिली. नियंत्रित औषधांच्या नोंदणीसाठी जे आठ तासांचे प्रशिक्षण लागते, ते या 25 तासांत धरता येते का?

पीए_न्यूजर्सी

ते आठ तास डीईएच्या, म्हणजे नियंत्रित औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, नोंदणीसाठी आहेत. 27 जून 2023 पासून नवी नोंदणी किंवा नूतनीकरण करताना ते पूर्ण केल्याचे एकदाच जाहीर करावे लागते, दर वेळी नाही. ज्या संस्थेकडून प्रशिक्षण घ्याल, तिच्या प्रमाणपत्रावर मान्यताप्राप्त नर्सिंग तास आणि औषधशास्त्राचे तास दोन्ही लिहिलेले असतील, तर एएनसीसीकडे तेच तास दाखवायला अडचण येऊ नये. तरी अर्जापूर्वी त्यांना एक ईमेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. राज्याच्या परवान्याचे नियम आणखी वेगळे असतात, तेही एकदा राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. आणि यंत्रातून प्रतिमा जात नसतील, तर बायोमेडिकलवाल्यांना त्यात वर्कलिस्टची (रुग्णालयाच्या प्रणालीतून रुग्णांची यादी यंत्रात घेण्याची) सोय सुरू आहे का ते विचारा. आमच्याकडे ती बंद ठेवलेली होती, एवढेच निघाले.