लंपीला धूर पुरे म्हणणाऱ्यांनी हे वाचा

करवीरचा गोठा: परवा इथं एकानं लिहिलं, ‘लशीनं दूध आटतं. सांजचा कडुलिंबाचा धूर करा, लंपी फिरकत नाही.’ वाचून डोकंच फिरलं. लंपी हा गाईगुरांचा विषाणूचा रोग, तो डास, माशा, गोचीड पसरवतात. धूर आहे तोवर डास लांब. पण गाईच्या पायाला डसणारी माशी भर दुपारी येते, तिचं काय? शेण आणि कुजकी वैरण एकत्र पडली की तिची पैदास तिथंच. गोचीड तर कानाच्या मागं चिकटलेलीच असते. लशीनं दूध कमी आलं तरी थोडे दिवस. लंपीत अंगभर गाठी, पाय सुजलेले, गाभण गाय गाभडते. हिशेब करा की.

शिरोळकर: ते मीच लिहिलंय. 2022 ला लस टोचली आणि चौथ्या दिवशी माझ्या एचएफ संकरित गाईच्या मानेवर गाठी. आता बोला.

करवीरचा गोठा: चौथ्या दिवशी गाठी म्हणजे रोग आधीच अंगात होता. लशीची ताकद यायला तीन आठवडे लागतात. सुई दर जनावराला बदलली होती का?

शिरोळकर: अख्ख्या गल्लीला एकच सुई. तेव्हा कोण बोललं नाही ते!

म्हैसवाला: जर्सी, एचएफ विकून टाका. म्हशीला लंपी क्वचित होतो. कोल्हापुरात गंगावेशीत लोक कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पितात ते म्हशीचंच. फॅट बघा, दर बघा.

कागलची सून: दादा, म्हशीला लाखाच्या वर मोजायचे कुठनं? आणि भाकड काळात घर कोण चालवणार? पहाटे शेण मी काढते, धार मी काढते. गाईच्या दुधावर पोरांची फी जाते. विका म्हणणं सोपं आहे.

म्हैसवाला: ताई, संकरित गाईचा औषधाचा खर्च धरला का? आमच्या घरात तीन पिढ्या म्हशीच.

कागलची सून: तुमच्या पिढ्यांना उसाचं रान होतं, वाडं फुकट. आम्ही वैरण विकत घेतो. आमच्या शेजारच्यांचा बैल लंपीनं गेला. सरकारनं तेव्हा दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000 दिले. तेवढ्यात तसा बैल येतो का सांगा!

म्हैसवाला: येत नाही. ते मान्य.

करवीरचा गोठा: म्हणून तर मरायच्या आधीचं बोलतोय. शेळीच्या देवीची लस लंपीला चालते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. ती दरवर्षी टोचायची. गाठी दिसल्या की जनावर वेगळं बांधा, बाजार दाखवू नका. मूत साचतं ती चर रोज मोकळी करा. धूरही करा, पण लस टाळून नव्हे.

शिरोळकर: बरं, टोचतो. पण नवी सुई माझ्या डोळ्यांदेखत काढायची, नाहीतर दाव्याला हात लावू देणार नाही.

करवीरचा गोठा: तेवढा हट्ट धराच.

म्हैसवाला: म्हशीचं बोललो ते मात्र मागं घेत नाही.