अनुभव धागा: एका मोसमाचा राजा कोण?

धागाकर्ता:
फुटबॉलपटूचा आजवरचा सर्वोत्तम मोसम कुठला, यावरून काल ऑफिसात डबे उघडे राहिले नि पोळ्या वाळल्या. आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते नकोत. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा.

सुरुवात मीच करतो. बार्सिलोनाचा मेस्सी, २०११-१२. एकूण ७३ गोल, त्यातले ५० लीगमधले. (झालं, पहिला नियम मीच मोडला.) पण आठवते ती चॅम्पियन्स लीगमधली (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) चेल्सीविरुद्धची सेमीफायनल. पुण्यातली कॉट बेसिसची खोली, रात्रीचा एक वाजून गेलेला, एका लॅपटॉपवर सहा डोकी. पेनल्टी मिळाली आणि मी चहाचं आधण ठेवायला उठलो, इतकी खात्री. मेस्सीनं मारलेला चेंडू क्रॉसबारला लागला. स्पेनची लीगही रेआल माद्रिदनं १०० गुण करून नेली. तरी माझं मत मेस्सीलाच.

बॅक नंबर ४, कोल्हापूर:
तालमीकडनं बारा वर्षं डिफेन्सला खेळलोय. शाहू स्टेडियमवर गोल करणाऱ्याला पोरं खांद्यावर घेत्यात. गोल वाचवणाऱ्याला विचारत्यात, "भावा, तू होतास काय आज?" म्हणून माझं मत लिव्हरपूलचा डिफेंडर व्हॅन डाइकला, २०१८-१९. लिव्हरपूलनं लीगच्या ३८ सामन्यांत २२च गोल खाल्ले, वर चॅम्पियन्स लीग आणली. बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मात्र मतदानात ७ गुणांनी मेस्सीकडं. त्या रात्री जेवलो न्हाई.

जुनं ते सोनं:
डिक्सी डीन, इंग्लंडचा एव्हर्टन क्लब, १९२७-२८. लीगच्या ३९ सामन्यांत ६० गोल. पाहिलेलं कुणी उरलं नाही, म्हणून बाद का?

फातोर्डावाला:
युरोपातून जरा खाली उतरा. कोरो, २०१७-१८, इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाकडून १८ गोल. मी म्हापशाहून स्कूटरनं जायचो. त्याच्या पायाशी चेंडू आला की शेजारचे पात्रांव गोलाआधीच उभे! सेमीफायनलला चेन्नईत ०-३ हरलो. जगात सर्वोत्तम नव्हे, कबूल. पण तिकीट काढून पाहिलेला तोच.

बोसनकाका:
मॅराडोना, १९८६-८७. लीगमध्ये गोल किती? १०. हसा खुशाल. तेव्हा इटलीत सामनेच ३०, आणि बचाव असा की माणूस पुढे जाईना. त्यात नापोलीनं पहिल्यांदा लीग जिंकली. पुढच्या वर्षी आमचं जहाज नेपल्सला लागलं. बंदराजवळ केस कापायला गेलो, तर आरशावर सान जेन्नारोची (नेपल्सचा रक्षक संत) तसबीर आणि शेजारी मॅराडोनाची. भाषा येत नव्हती, मी नुसतं बोट दाखवून हात जोडले. न्हावी जो सुटला! पैसे घेतले नाहीत, पण बोलण्याच्या भरात माझ्या मिशीची एक बाजू आखूड केली.