मदत हवी आहे: गप्पांमध्ये दुसऱ्याचं व्याकरण सुधारावं का?

ग्रुपवर गप्पा चालू असताना कुणाची चूक दाखवायची की सोडून द्यायची, यावर तुमचं मत हवंय. माझ्या मते सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘आणी’ लिहिलं तरी अर्थ कळतो. (नियम सांगतो, शेवटचा इकार दीर्घ, पण ‘आणि’, ‘नि’ अपवाद. गोंधळ होणारच!) ‘महिला दीन’ मात्र खटकतं, कारण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. असा अर्थ बदलला तर खासगी मेसेजमध्ये एका ओळीत सांगावं, चारचौघांत नाही, असं वाटतं. बरोबर?

‘गेलतो’, ‘करून राहिला’ ही बोली आहे, चूक नव्हे. तिथे बोलूच नये, याबद्दल मला शंका नाही.

अडतंय ते ‘माझी मदत कर’, ‘मला पुस्तक भेटलं’ पाशी. माणूस भेटतो, वस्तू मिळते. पण ‘भेटलं’ इतकं रुळलंय की टोकलं तर मूळ विषय बाजूला राहून शुद्धलेखनावरच वाद पेटतो. त्याऐवजी आपल्या उत्तरात सहज ‘कुठे मिळालं?’ असं योग्य रूप वापरलं, तर समोरच्याच्या लक्षात येतं का? की तो टोमणाच वाटतो?