तीस बायकांचं शिवणकाम प्रशिक्षण कागदावर पूर्ण झालं, याची तपासणी कोण करतं?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी गावच्या बचत गटाची सचिव आहे, बारावी शिकलेली. नेमकं उत्तर पाहिजे म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

२०२४ च्या दिवाळीनंतर, ऐन वेचणीत, गावात शिवणकामाचं मोफत प्रशिक्षण आलं. समाजमंदिरावर फ्लेक्स लागला, नारळ फुटला. तीस बायकांची आधार कार्डं, पासबुकं, फोटो घेतले. तीन महिने, रोज चार तास, शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र आणि काम मिळवून देणार, असं सांगितलं. घरोघरी फिरून बायका मीच गोळा केल्या, म्हणून हे माझ्या जिवाला लागलं आहे.

तेव्हा वेचाई किलोमागे दहा रुपये होती. हात चालणारी बाई दिवसाला चाळीस किलो कापूस वेचते. ती मजुरी सोडून या आल्या. मशीन सहा. दोन मशीनींना बॉबिन केसच नाही, एकीचा पट्टा तुटलेला. शिकवणारी मुलगी चांगली होती, जीव लावून शिकवायची, पण तिलाच आधीच्या दोन महिन्यांचा पगार मिळाला नव्हता. सतरा दिवस शिकवून ती गेली, ती परत आली नाही. तोवर आमचा परकर झाला होता. ब्लाउजची बाही राहिली.

वर्ग बंद पडला, हजेरी मात्र चालूच. एक माणूस अंगठ्याची मशीन घेऊन मोटारसायकलवर यायचा. बाया वावरातून आल्या की ओट्यावर बसून अंगठे घेऊन जायचा. विचारलं तर म्हणे, "अंगठा नाही देल्ला त प्रमाणपत्र नाही भेटत." फेब्रुवारीत वीस मिनिटांत परीक्षा झाली. उन्हाळ्यात तीस प्रमाणपत्रं आली, लॅमिनेशन केलेली. मशीनी टेम्पोत भरून नेल्या.

हे सगळं आम्ही सोडून दिलं होतं. पण गेल्या महिन्यात आमच्यातल्या एका काकूला फोन आला, "तुम्ही कपड्याच्या कारखान्यात काम करता ना? फक्त हो म्हणा." काकू आयुष्यात तालुक्याच्या पुढे कामाला गेलेली नाही. ती मला म्हणाली, "माह्या नावावर कोन कमावून रायलं व माय?" मला उत्तर देता आलं नाही.

ही काकू संध्याकाळी माझ्याकडे केंद्राच्या उल्लास योजनेच्या साक्षरता वर्गाला येते. मागच्या पावसाळ्यापर्यंत ती अंगठाच लावायची. आता सही करते.

हा पैसा कोणाचा? खर्च बरोबर झाला का, हे कोण पाहतं? आमच्या नावाचे कागद आम्हाला पाहायला मिळतील का? आणि तक्रार केली तर बायकांची प्रमाणपत्रं जातील का?

जुना_लेखापाल (अमरावती)

ताई, मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत नोकरी केली, आता निवृत्त आहे.

आधी योजना कोणती ते ओळखा, तपासणारा त्यावर ठरतो. प्रमाणपत्रावरची बोधचिन्हं पाहा. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना असेल तर पैसा ग्रामविकासचा, आपल्या राज्यात उमेदमार्फत, म्हणजे बचत गटांच्या जीवनोन्नती अभियानामार्फत, येतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना केंद्राच्या कौशल्य मंत्रालयाची. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, ती राज्याच्या कौशल्य विभागाची. आणि जन शिक्षण संस्थान म्हणजे १९६७ पासूनचं श्रमिक विद्यापीठ. ते प्रौढ शिक्षणाकडे होतं, २०१८ मध्ये कौशल्य मंत्रालयाकडे गेलं. निरक्षर बाईला तिथं रीतसर प्रवेश आहे. बाकी बऱ्याच अभ्यासक्रमांना शाळेची इयत्ता लागते. तेव्हा काकूच्या अर्जात शिक्षण काय लिहिलं आहे, ते आवर्जून पाहा.

आता तो फोन. नोकरीशी जोडलेल्या योजनांत संस्थेला पैसे एकरकमी मिळत नाहीत. काही वर्ग सुरू झाल्यावर, काही उमेदवार पास झाल्यावर आणि शेवटचा हप्ता नोकरी लागल्याचं दाखवल्यावर. काकूला आलेला फोन मला या शेवटच्या हप्त्यासाठीच्या पडताळणीचा वाटतो. म्हणजे त्यांच्या कागदावर काकू कामाला लागलेली आहे.

तपासणी होत नाही असं नाही, ती कागदाची होते. मीही नोकरीभर हजेरीपट आणि देयक जुळवून खूण करत आलो. ज्याच्या नावावर खर्च पडला त्या माणसाला गाठून विचारणं आमच्या कामात बसवलेलंच नव्हतं, आणि ते मला आजही खुपतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळावरचा कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. सुमारे ९५.९ लाख उमेदवारांपैकी ९० लाखांहून जास्त लोकांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, काहीबाही किंवा कोरी जागा सापडली. ज्याला पैसे द्यायचे त्याचं खातंच नाही, तर तो उमेदवार खरा की खोटा हे ताडून कशावर पाहणार?

तुम्ही करायचं ते असं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याची सोय केली आहे. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही. मोबाइलवर तो निर्णय घेऊन जा. नाही दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरं. मागायचं फक्त इतकं: तुकडीचा हजेरीपट, तपासणी अहवाल आणि नोकरी लागल्याची यादी. "संपूर्ण माहिती द्या" असं लिहू नका, त्यावर टाळाटाळ सोपी जाते.

बुटीबोरीचा_फिटर

ताई, आमच्याकडे कारखान्यातल्या प्रशिक्षणातही हेच. मी आयटीआय करून एका कारखान्यात अप्रेंटिस होतो. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. मला शिकवलं किती? वर्षातले सात महिने पेट्या उचलल्या. लेथला हात लावू दिला तो शेवटी शेवटी. नोंदवहीत मात्र दर आठवड्याला नवीन काम शिकल्याचं लिहिलेलं, सही माझी.

पण एक फरक पडला. सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, देतं. आधी ते कंपनीला परत मिळायचे, २०२३ पासून थेट शिकणाऱ्याच्या खात्यात येतात. त्यामुळे कोणत्या महिन्याचे आले नाहीत हे मला कळतं आणि मी विचारू शकतो. माझी वहिनी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत होती, बारावी म्हणून महिन्याला ६००० रुपये. ऑफिसनं दोन महिने हजेरीच चढवली नाही म्हणून पैसे अडकले. तिनं पासबुक दाखवून भांडून मिळवले. तुमच्या तीस जणींनीही पासबुकं भरून घ्या. नावावर काही आलं-गेलं का ते आधी पाहा.

झेडपी_मास्तर (वाशीम)

तक्रार करा, पण जपून. उल्लासचंच सांगतो. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी देशभरात १०३७.९० कोटींचा खर्च मंजूर आहे, पण शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला मानधन नाही. वरून विचारणा येते ती एकच, नोंदणी किती झाली? आमच्या केंद्रात १५० गुणांच्या परीक्षेच्या दिवशी ऐंशी वर्षांच्या आजींना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्या आनंदानं आल्या, पण त्यांना शिकवायला कोणी गेलं होतं का, हे कोणी विचारलं नाही.

चौकशी लागली की पहिले शिकणाऱ्याला बोलावतात आणि त्यालाच आरोपीसारखं उभं करतात. "अंगठा तुम्हीच दिला ना?" बायका तिथंच घाबरतात. म्हणून त्यांचं म्हणणं आधी लिहून घ्या, सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या.

पऱ्हाटी

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. परवाच्या सोमवारी काकूला घेऊन जिल्ह्याला जाऊन आले.

आधी "साहेब नाहीत" झालं. मी मोबाइलवर शासन निर्णय दाखवला. बाबू वाईट नव्हता, त्याला हा निर्णयच माहीत नव्हता. त्यानं दोनदा वाचला, आत जाऊन आला आणि साडेतीनला फाइल समोर ठेवली.

तपासणी अहवाल एक पानाचा. तारीख जानेवारीची; तोवर आमच्या समाजमंदिराला कुलूप लागून महिना झाला होता. त्यात लिहिलं आहे, ३० पैकी २८ हजर, १५ मशीन चालू. अर्जात काकू आठवी पास. हजेरी ७५ दिवस.

मग कागदी हजेरीपट. काकूनं तो माझ्याकडून ओढून घेतला. पदर बोटाला गुंडाळून एकेका अक्षराखाली बोट ठेवत ती खाली खाली गेली. चौदाव्या ओळीत तिचं नाव होतं. नाव वाचलं आणि पुढची सही पाहत राहिली. वळणदार, एका झटक्यात ओढलेली, वर सरळ शिरोरेघ. काकू अक्षरं आधी काढते आणि रेघ शेवटी देते, तीही तुटक तुटक, प्रत्येक अक्षराला वेगळी. ती बाबूला म्हणाली, "हे म्या नाही लिहेल. तवा मले लिहिता कुठं येत होतं?" बाबूनं चष्मा काढून ठेवला. टेबलावरचा कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि सही करायला सांगितली. काकूनं केली, वेळ लावून. दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून तो गप्प बसला.

अकरा पानांच्या प्रमाणित प्रती घेतल्या, २२ रुपये भरून. योजनेचं आणि संस्थेचं नाव इथं लिहीत नाही, कारण अर्ज दिला आहे. मास्तर, तुमचं ऐकून तीस पैकी तेवीस जणींचं म्हणणं आधी लिहून घेतलं. सात जणी अजून तयार नाहीत, त्यांच्या घरच्यांना भीती वाटते. अर्जात आम्ही मागितलं आहे की प्रमाणपत्रं रद्द करू नका, राहिलेले दिवस शिकवा.

फिटर भाऊ, पासबुकं भरून घेतली. एका पैशाची नोंद नाही.

आता १ मेच्या ग्रामसभेत हा हजेरीपट वाचून दाखवायचा आहे. काकू म्हणते तिचं नाव तीच वाचणार. अशा विषयावर ग्रामसभेनं केलेल्या ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर कृपया इथं टाका, विषयपत्रिकेत तो आधी द्यावा लागेल.